परतीचा हिवाळा

डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली की घरच्यांना वाटतं, दुखापत संपली. माझ्याही घरी तसंच वाटलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कितीतरी महिने व्यायाम झाला, मग दोन्ही मांड्यांची ताकद यंत्रावर मोजली, एका पायावर उड्या मारायला लावल्या. ऑपरेशन झालेल्या पायाने दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त काम करून दाखवलं आणि कागदावर सही झाली. आईने त्याच संध्याकाळी नाशिकला मावशीला फोन लावला, ‘झाली गं बरी.’ कागदावर लिहिलेलं सगळं खरं होतं. फक्त ती चाचणी उबदार खोलीत, रबरी जमिनीवर, ताज्या पायांवर झाली होती. शर्यत होते गोठलेल्या उतारावर, अंधुक उजेडात, आणि तुमच्या आधी चाळीस-पन्नास जणी त्याच वाटेने खाली गेलेल्या असतात.

मी टिरोलमध्ये वाढले. आईबाबा नोकरीसाठी ऑस्ट्रियात आले आणि इथल्या मुलांबरोबर मीही लहानपणीच स्कीवर उभी राहिले. पुढे खांबांच्या गेटमधून वळत खाली यायच्या स्लालम आणि जायंट स्लालम या प्रकारांत शर्यती खेळू लागले, वर्ल्ड कपच्या खालच्या पायरीवरच्या, एफआयएस या आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या शर्यती. जानेवारीतल्या एका सरावात डाव्या गुडघ्याचं एसीएल तुटलं. मांडीचं आणि नडगीचं हाड सांध्याच्या आत बांधून ठेवणारं हे लिगामेंट. कबड्डीच्या मैदानावर चढाई करताना पाय रोवून वळणाऱ्या कितीतरी मुलामुलींचं तेच तुटतं, त्यामुळे महाराष्ट्रात ते नाव नवं नाही. मेनिस्कस या गुडघ्यातल्या कूर्चेलाही टाके पडले. पुढच्या हिवाळ्यात मी शर्यतीत परतले आणि तो हंगाम दुखापतीपेक्षा अवघड गेला.

का अवघड गेला, हे कळायला स्कीवर गुडघा कसा जातो ते आधी समजून घ्यावं लागतं. बघणाऱ्याला वाटतं, खेळाडू पडला म्हणून गुडघा गेला. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. ओस्लोच्या संशोधकांनी वर्ल्ड कपमधल्या वीस एसीएल दुखापतींच्या चित्रफिती तपासून २०११ मध्ये ते दाखवून दिलं. सगळ्यात जास्त आढळलेल्या प्रकाराला त्यांनी ‘स्लिप-कॅच’ म्हटलं. वळणावर बाहेरच्या स्कीवरचा दाब सुटतो, स्की बर्फावरून निसटते. खेळाडू पकड परत मिळवायला तो पाय लांबवतो. तेवढ्यात स्कीची आतली कड बर्फात एकदम रुतते, नडगी आत फिरते, गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. लिगामेंट तिथेच जातं आणि खेळाडू पडतो त्यानंतर. शर्यतीच्या बुटात घोटा घट्ट आवळलेला, बूट स्कीला अडकवणारं बाइंडिंग कडक लावलेलं, त्यामुळे स्की त्या क्षणी सुटून येत नाही. माझंही असंच झालं होतं. थोडक्यात, गुडघा जातो तो निसटलेलं वळण वाचवताना.

आता परतीचा हंगाम तुम्हाला काय करायला लावतो ते पाहा. एफआयएसचे पॉइंट जितके कमी तितका खेळाडू वरचा, आणि ते ठरतात त्या त्या प्रकारातल्या सर्वोत्तम दोन निकालांवरून. दुखापतग्रस्ताला राष्ट्रीय संघटनेमार्फत अर्ज करून आपले पॉइंट काही अटींवर राखून ठेवता येतात, आणि तो अर्ज वेळेत करावा. पण ही सवलत कायमची नसते. शर्यती सुरू झाल्या की निकाल लागतात, आणि ते हवे तेव्हा लागत नाहीत. मग बिबचा नंबर, म्हणजे शर्यतीत उतरायचा क्रम, मागे जातो. नंबर मागे गेला की वाट खराब मिळते. बर्फ मऊ असेल तर प्रत्येक गेटच्या वळणावर खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात. पाणी मुरवून उतार कडक केला असेल तर चाकोऱ्या कमी, पण कड धरते तेव्हा झटका थेट गुडघ्यापर्यंत येतो. खराब वाटेवर स्की जास्त वेळा निसटते. आणि ज्या मुलीला दोन बरे निकाल हवेच आहेत, ती निसटलेलं प्रत्येक वळण जिवाच्या आकांताने वाचवायला जाते.

म्हणजे ज्या हालचालीने गुडघा गेला, तीच हालचाल हा हंगाम तुमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतो. मला सांगायचं आहे ते एवढ्याचसाठी. ताकद, तोल, सहनशक्ती यांची तयारी सगळे करून घेतात. वळण सोडून द्यायची तयारी कोणी करून घेत नाही.

ती करून घ्यावी लागते, कारण लहानपणापासून आम्हाला उलटं शिकवलेलं असतं. आमच्या फिजिओबाईंनी आणि प्रशिक्षकांनी मिळून शरद ऋतूत हिमनदीवर माझ्याकडून तेच करून घेतलं. आधी गेटशिवाय नुसतं मोकळं स्कीइंग, मग बुटके खांब, मग पूर्ण उंचीचे गेट. प्रत्येक टप्प्यावर एकच नियम. बाहेरची स्की सुटली तर पाय लांबवून तिच्या मागे जायचं नाही, दोन्ही पाय जवळ ठेवायचे, गेट चुकू द्यायचं, वाटेबाहेर जायचं. ऐकायला सोपं वाटतं. करताना अंगावर काटा येतो, कारण शरीराला सोडणं म्हणजे हरणं वाटतं. सरावात मुद्दाम गेट सोडल्याबद्दल शाबासकी देणारा प्रशिक्षक मिळणं, हे मी या खेळातलं मोठं भाग्य समजते.

शर्यतीच्या निकालपत्रात अशा वेळी नावापुढे डीएनएफ लागतं, शर्यत अपूर्ण. परतीच्या हंगामात माझ्या नावापुढे ते बरेचदा लागलं. पालकांनो, त्या तीन अक्षरांवरून घरी जेवताना विषय काढू नका. माझ्या बाबांनी तो कधीच काढला नाही, आणि ते किती महत्त्वाचं होतं हे मला खूप नंतर कळलं.

वेळापत्रकाबद्दलही बोलायला हवं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवावं, तितका दर महिन्यामागे गुडघ्याच्या पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्म्याने कमी होतो. त्यामुळे ‘नऊ महिने’ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. जानेवारीत जखमी झालेला स्कीपटू लगेच बोटं मोजतो आणि ऑक्टोबरवर येऊन थांबतो, कारण ऑक्टोबरच्या अखेरीस सोल्डनच्या हिमनदीवर वर्ल्ड कपचा हंगाम उघडतो आणि सगळ्यांची घड्याळं त्याला लावलेली असतात. पण ऑक्टोबरात शर्यत म्हणजे ऑगस्टमध्ये गेटवर सराव, म्हणजे सातवा महिना. नऊ महिने मोजायचे ते गेटवरच्या पहिल्या जोरदार सरावापर्यंत मोजा, पहिल्या शर्यतीपर्यंत नको. आणि नऊ ही किमान मर्यादा आहे, तो मुहूर्त नाही.

स्कीपटू लिंडसी व्हॉनचं उदाहरण मी त्या काळात अनेकदा वाचून काढलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये श्लाडमिंगच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत सुपर-जी या प्रकारात ती पडली, उजव्या गुडघ्याची दोन लिगामेंट तुटली, नडगीचं हाड मोडलं. एका वर्षावर सोची ऑलिम्पिक होतं. नोव्हेंबरमध्ये कॉपर माउंटनला सरावात पडून दुरुस्त केलेलं लिगामेंट पुन्हा अर्धवट फाटलं. तरी ती डिसेंबरमध्ये उतरली, वाल दिझेरला डाउनहिलमध्ये गुडघ्याने दगा दिला आणि सोची हुकलं. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती उरलेला हंगाम बाहेर राहिली. डिसेंबर २०१४ मध्ये लेक लुईसला परतली आणि तिथेच डाउनहिल जिंकली. जानेवारी २०१५ मध्ये कोर्तिनाला तिने आनेमारी मोझर-प्र्योलचा ६२ वर्ल्ड कप विजयांचा विक्रम मोडला. बाई तीच, गुडघा तोच. फरक होता मागे लागलेल्या तारखेचा.

उलट बाजूने लोक स्कीपटू सोफिया गोजाचं नाव घेतात. २०२२ मध्ये कोर्तिनाला गुडघा दुखावून, लिगामेंट अर्धवट फाटलेलं असताना तिने तेवीस दिवसांत बीजिंगला डाउनहिलचं रौप्य जिंकलं. तो पराक्रम खराच आहे. पण तो एका प्रौढ विजेतीने ऑलिम्पिकसाठी, सगळी किंमत माहीत असताना घेतलेला निर्णय होता. सतरा वर्षांच्या मुलीला एका प्रादेशिक शर्यतीआधी ही गोष्ट ऐकवणं मला क्रूर वाटतं. माझ्या ओळखीची एक जण अशाच गोष्टी ऐकत घाईने परतली, तोच गुडघा पुन्हा गेला, आणि आता ती शर्यती खेळत नाही.

माझ्या हंगामाकडे येते. नोव्हेंबर चांगला गेला. डिसेंबरमध्ये शर्यती लागोपाठ आल्या, बिब मागचे, वाटा खोदलेल्या. दुखत नव्हतं. मात्र सकाळी उठल्यावर गुडघ्याच्या आतल्या बाजूची खळगी भरलेली दिसायची. इथे माझं अगदी ठाम सांगणं आहे: दुखण्यावर विसंबू नका, सूज बघा. शर्यतीच्या उत्साहात वेदना जाणवत नाही, गोळी घेतली तर मुळीच नाही. सांध्यात पाणी साचलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा इशारा मंदावतो. तुम्ही कितीही जोर लावा, तो पुरता आवळत नाही. म्हणजे सुजलेल्या गुडघ्याने उतरणारा खेळाडू आपल्या सगळ्यात मोठ्या रक्षकाला मागे ठेवून उतरतो. रोज सकाळी, बिछान्यातून उठायच्या आधी, वाटीवरून टेपने घेर मोजा आणि लिहून ठेवा. दोन्ही गुडघ्यांचा मोजा, कारण परतीच्या काळात चांगल्या पायावर भार जास्त पडतो आणि पुष्कळदा पुढची दुखापत तिकडे होते.

आमच्यात आधीच ठरलं होतं की सूज दुसऱ्या दिवशीही उतरली नाही तर गेट बंद. जानेवारीत, हंगामाच्या ऐन मध्यावर, फिजिओबाईंनी वही उघडली, आकडे दाखवले आणि मला शर्यतींतून बाहेर काढलं. मी रडले, भांडले. त्यांनी वही मिटून ठेवली, एवढंच. सायकल, पोहणं, मांडीचे व्यायाम, आणि फेब्रुवारीत पुन्हा बर्फ. वसंतापर्यंत खेळले. पॉइंट दुखापतीआधीच्या जवळपासही आले नाहीत, पण गुडघा कोरडा राहिला आणि पुढचा उन्हाळा मला पूर्ण सरावाला मिळाला. बरोबरीच्या मुली ज्या वेळी रिहॅबच्या खोलीत होत्या, त्या वेळी मी स्क्वॉट मारत होते.

भीतीबद्दल कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर खेळाडू खोटं बोलतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये किलिंग्टनला जायंट स्लालममध्ये पडून मिकाएला शिफ्रिनच्या पोटात खोल जखम झाली. जानेवारीअखेर ती स्लालममध्ये परतली, पण फेब्रुवारीत साल्बाखच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत तिने जायंट स्लालममधून माघार घेतली आणि कारण मनाचं आहे हे उघड सांगितलं. त्याच महिन्यात सेस्त्रिएरला स्लालममध्ये तिने शंभरावा वर्ल्ड कप विजय मिळवला. जगातली सर्वांत यशस्वी स्कीपटू एका प्रकारात तयार आणि दुसऱ्यात तयार नाही असं म्हणू शकते, तर तुमच्या मुलीलाही म्हणू द्या. ज्या प्रकारात दुखापत झाली तो सगळ्यात शेवटी घ्या. मी स्लालमपासून सुरुवात केली आणि जायंट स्लालमच्या स्टार्टला खूप उशिरा उभी राहिले. ‘घाबरू नकोस’ या वाक्याचा मला काही उपयोग झाला नाही. क्रीडा मानसोपचारतज्ज्ञांबरोबर बसून, जिथे पाय अडखळतो ती जागा सांगता येऊ लागली, तेव्हा फरक पडला. माझी जागा होती उतार एकदम तीव्र होतो आणि पुढचं गेट दिसत नाही ती.

गुलमर्ग, औलीहून येणाऱ्या खेळाडूंना वेगळं सांगायचं आहे. तुमचा हिवाळा छोटा, नैसर्गिक बर्फ जास्त, आणि पॉइंटसाठी युरोपचा खर्च आधीच भरलेला. दुखापतीनंतर तो पैसा वाया जाऊ नये म्हणून आल्या आल्या इथल्या कृत्रिम, कोरड्या बर्फावरच्या शर्यतीत उतरायचा मोह होतो. असा बर्फ कडेला फार पटकन धरतो आणि ‘स्लिप-कॅच’साठी तोच सगळ्यात वाईट. पहिला आठवडा फक्त त्या बर्फाची सवय करण्यात घालवा, त्यात एखादी शर्यत बुडाली तरी बुडू द्या.

आणि घरात या हिवाळ्यात कोणी परतत असेल, तर पहिल्या शर्यतीची नोंदणी करण्याआधी खेळाडू, प्रशिक्षक आणि फिजिओ यांना एकत्र बसवा. किती सूज आली की थांबायचं, आणि थांब म्हणायचा अधिकार कोणाचा, हे कागदावर लिहून तिघांच्या सह्या घ्या. तो अधिकार खेळाडूकडे ठेवू नका, आणि कृपा करून स्वतःकडेही घेऊ नका.