साथीच्या काळात माणसं सांभाळा, काम आपोआप सांभाळलं जाईल



व्हिडिओत आपण साथीच्या काळातला खेळता पैसा पाहिला. आज त्याचाच दुसरा भाग: माणसं. मशीन बंद पडलं तर मेकॅनिक येतो. पण कामगाराचं मन आणि शरीर थकलं, तर ते लवकर लक्षातही येत नाही.

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन सुरू झालं. २९ मार्चला केंद्राने आदेश काढला की बंदच्या काळातही पगार कापू नका. १८ मे पासून तो आदेश मागे घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि कामगारांनी बोलून तोडगा काढावा, असं सांगितलं. म्हणजे शेवटी सगळं येऊन थांबलं ते संवादावर. मुंबई, पुणे, भिवंडीतून लाखो कामगार गावी गेले होते. काम पुन्हा सुरू करताना अनेकांना माणसंच मिळेनात. ज्यांनी अडचणीत फोन उचलला, त्यांच्याकडे परत यायला माणसाला कारण होतं.

आधी हिशोब करूया

समजा, तुमचं पोळी-भाजी केंद्र आहे. पाच जण, प्रत्येकी रोज ६०० रुपये. पोळ्या लाटणाऱ्या ताईंना ताप आलाय, पण खाडा पडला की पैसे कापले जातात. त्या काय करतील? गोळी घेऊन कामावर येतील, आणि ताप आहे हे सांगणारही नाहीत.

पाच दिवसांची भरपगारी रजा दिली तर खर्च ३,००० रुपये. नाही दिली, आणखी तिघं आजारी पडले आणि केंद्र पाच दिवस बंद राहिलं तर? रोजचे ४,००० सुटत असतील, तर २०,००० गेले. तुटलेलं गिऱ्हाईक वेगळंच. आता सांगा, महाग काय पडलं?

पाच गोष्टी आजच ठरवा

१. आजारपणाचा गल्ला. दर महिन्याला प्रत्येकामागे एका दिवसाचा पगार बाजूला काढा. वरच्या उदाहरणात महिन्याला ३,०००, वर्षाला ३६,०००. म्हणजे प्रत्येकाला १२ दिवसांची भरपगारी रजा देता येते.

२. पगाराबद्दल खरं बोला. "बघू, करू" म्हणू नका. "या महिन्यात १० तारखेला निम्मा, २५ ला उरलेला" असं स्पष्ट सांगा आणि पाळा. अनिश्चिततेची भीती कमी पगारापेक्षा जास्त पोखरते.

३. एका कामाला दोन माणसं तयार ठेवा. हिशोब एकालाच येत असेल, तर तो तापातही फोनवर काम करत राहील. जमेल तिथे दोन गट करा आणि त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवा.

४. टार्गेट बदला. घरी आजारी माणूस आहे, शाळा बंद, मुलं घरात. अशा वेळी चुका वाढतात. ओरडण्याआधी विचारा, "घरी सगळं ठीक ना?" त्या आठवड्याची तीनच महत्त्वाची कामं ठरवा, बाकीची पुढे ढकला.

५. मदतीचा रस्ता दाखवा. झोप लागत नाही, सारखी धास्ती वाटते, असं कोणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लावा. तुमचा व्यवसाय ईएसआयसीखाली येत असेल, तर नोंदणी टाळू नका. पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. हा भार मग एकट्या तुमच्या गल्ल्यावर पडत नाही.

आणि एक, स्वतःसाठी

मालकही माणूसच आहे. तुम्ही तापात काउंटरवर बसलात, तर रजेचा नियम कागदावरच राहतो. टीम तुमचं बोलणं कमी ऐकते, वागणं जास्त बघते. नियम आधी स्वतः पाळा.

गृहपाठ: आज संध्याकाळी एक कागद घ्या. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: घरी कोण अवलंबून आहे, अडचणीत फोन कोणाला करायचा, आणि तो आला नाही तर त्याचं काम कोण करेल. एकही रकाना रिकामा राहिला, तर उद्या सकाळी चहा घेताना विचारून घ्या. साथ सांगून येत नाही. तयारी मात्र आज करता येते.

भेटूया पुढच्या धड्यात!