सुरमा, इस्मिद आणि शिसे

परदेशी वास्तव्य करणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींना प्रसाधनांच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लागलेली असते. लिपस्टिकमधील तांबडा रंग कोचिनिल किड्यांपासून काढला आहे काय, क्रीममधील ग्लिसरीन डुकराच्या चरबीचे तर नाही ना, याची आस्थेने चौकशी होते. ही दक्षता स्तुत्य आहे. परंतु त्याच घरात गावाहून कुणी पाठविलेली, वा उमऱ्याहून भेट म्हणून आलेली सुरम्याची कुपी तान्ह्या बाळाच्या उशाशी असते आणि तिच्यात काय आहे, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. तिच्यावर घटकांची यादी बहुधा नसतेच; पवित्र स्थळाचे चित्र मात्र असते.

अमेरिकेत मेडिकेड या सरकारी योजनेतील बालकांच्या रक्तातील शिशाची तपासणी वयाच्या 12 व्या व 24 व्या महिन्यांत करावी लागते. प्रमाण वाढलेले आढळले की आरोग्य कर्मचारी भिंतींचा जुना रंग आणि नळाचे पाणी यांच्याबरोबर सुरम्याविषयीही विचारतात. कित्येक माता या प्रश्नाने दुखावतात. त्यांच्या दृष्टीने सुरमा हे प्रसाधन नसून सुन्नत असते.

येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इस्मिदची प्रशंसा केली आहे, तो दृष्टी स्वच्छ करतो आणि पापण्यांचे केस वाढवितो, अशा आशयाची हदीस तिर्मिजी आदी संग्रहांत आहे. इस्मिद म्हणजे अँटिमनी या धातूचे खनिज, असे सामान्यतः समजले जाते. आज बाजारात सुरमा म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा गॅलेना, म्हणजेच शिशाचे सल्फाइड असते. दोन्ही खनिजे करड्या रंगाची व चकाकणारी; दळून भुकटी केल्यावर नुसत्या डोळ्यांना त्यांतील भेद कळत नाही. शुद्ध गॅलेनात वजनाने सुमारे 86 टक्के शिसे असते. हदीसमध्ये एका विशिष्ट वस्तूचे नाव आहे. त्या नावाखाली कुणी दुसरीच वस्तू विकली, तर तिला सुन्नतचा मान कसा मिळेल?

बाळ डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते; शिसे पोटात जाण्यास एवढे पुरते. लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या तुलनेत कितीतरी अधिक शिसे शोषून घेते. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि बहुधा कोणतेही लक्षण दिसत नाही. मूल हसते-खेळते असते, म्हणून घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “आम्ही सर्वांनी लावला, आम्हांला काय झाले?” रक्त तपासल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. स्त्रियांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी: शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते, गर्भावस्थेत पुन्हा रक्तात उतरते आणि गर्भापर्यंत पोहोचते.

सूरह अल्-बकरामध्ये (2:168) जे हलाल आणि तय्यब आहे ते खाण्याचा आदेश आहे. आयत अन्नाविषयी आहे हे खरे. पण जे बोटांवाटे बाळाच्या पोटात जाते, त्याला अन्नाहून वेगळे कसे मानावे? शिवाय स्वतःस नुकसान होऊ न देणे व दुसऱ्यासही न करणे, हा इब्ने माजा यांच्या संग्रहातील हदीसचा आशय शरीअतच्या मूलभूत नियमांपैकी एक मानला गेला आहे. डुकराची चरबी टाळणाऱ्या घराने शिसे का चालवून घ्यावे?

विक्रेत्यांनाही या प्रसंगी एक घटना आठवावी. बाजारात धान्याच्या राशीत प्रेषितांनी (स.) हात घातला तेव्हा आतील धान्य ओले निघाले, भिजलेला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही, असे बजावले. घटक न सांगता विकलेली कुपी ही त्या राशीहून निराळी नाही.

गोरेपणाच्या क्रीमची कथा याच जातीची आहे. काही क्रीममध्ये पारा असतो. तो मूत्रपिंडांस अपाय करतो आणि टॉवेल, उशी यांवाटे घरातील मुलांपर्यंतही जातो. वेष्टनावर कॅलोमेल, मर्क्युरिक किंवा मर्क्युरस असे शब्द दिसले, तर ते क्रीम वापरू नये. घटकच छापलेले नसतील, तरीही नको. तात्काळ काळी चढणाऱ्या मेंदीबाबतही सावध राहावे. मेंदीच्या पानांचा स्वाभाविक रंग नारिंगी-तांबूस असतो. तो काळा व्हावा म्हणून पीपीडी हे केसांच्या कलपातील रसायन मिसळले जाते आणि त्याने त्वचेवर फोड येऊ शकतात.

आपल्या घरी सुरम्याची अशी कुपी असेल तर तिचा वापर आजच थांबवावा. “शिसेमुक्त” या छापील शब्दावर विसंबू नये. सुरमा उकळल्याने अथवा धुतल्याने शिसे जात नाही. बाळाला तो लावला असल्यास डॉक्टरांना निःसंकोचपणे सांगावे आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी. उपचाराची पहिली पायरी शिशाचा स्रोत बंद करणे हीच असते. कुपी फेकून न देता मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंद करून डॉक्टरांना दाखवावी. तिच्यातील भुकटीची तपासणी होऊ शकते. आणि ज्या नानीने ती प्रेमाने पाठविली, तिला फोन करून हे सारे नीट समजावून सांगावे, कारण तिच्या घरी दुसरी नातवंडेही आहेत.