रक्ताच्या थेंबाची साक्ष

कावेरीच्या काठी, म्हैसुराहून सुमारे ४० किलोमीटरांवर असलेल्या कृष्णराजनगरातील एखादे शेतकरी कुटुंब आपण डोळ्यांपुढे आणू. साल २०२० चे. भाताच्या लावणीचे दिवस. घरातील कर्त्या मुलाला चार दिवस ताप आला, तोंडाची चव गेली, आणि मग तो बरा झाला. तपासणी अशी काही झालीच नाही. घरात सत्तरी ओलांडलेली आई आहे. मुलाच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात : मला झाला तो करोनाच होता काय? आणि तो असल्यास आता मी आईजवळ निर्धास्तपणे बसू शकतो काय? बोटाला सुई टोचून घरच्या घरी याचे उत्तर देणारी पट्टी त्याच्या हाती आली असती, तर तिच्यावर त्याने कितपत विश्वास ठेवावयाचा, हे येथे पाहावयाचे आहे.

विषाणू शरीरात शिरला म्हणजे त्याच्या प्रथिनांना नेमकी चिकटतील अशी प्रथिने रक्तातील काही पेशी तयार करू लागतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. आणि ज्या पदार्थाविरुद्ध ती तयार होतात त्यास प्रतिजन. हे काम एका दिवसात होत नाही. ताप चढला त्या दिवशीच्या रक्तात प्रतिपिंडे बहुधा सापडत नाहीत. त्यांना एक-दोन, कधी तीन आठवडे लागतात. उलट विषाणू नाहीसा झाल्यावरही ती कित्येक महिने टिकतात व हळूहळू ओसरतात. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या भिंतीवर जी रेघ राहते, तिच्यावरून पाणी येऊन गेल्याचे कळते. आज नदीत पाणी किती आहे हे कळत नाही. प्रतिपिंडांची चाचणी ही अशी रेघ होय.

पट्टीची रचना साधी असली तरी मोठी चतुर आहे. बोटाच्या टोकावर कडेला टोचून काढलेला थेंब पट्टीच्या खळग्यात सोडतात आणि त्यावर द्रावणाचे काही थेंब टाकतात. टीपकागदात शाई चढावी तसे रक्त पट्टीवरून पुढे सरकते. वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात व त्यांवर विषाणूचे प्रतिजन बसविलेले असते. रक्तात प्रतिपिंडे असतील तर ती या कणांना धरतात, पुढे आखलेल्या रेषेवर अडकतात, आणि तेथे तांबूस रेघ उमटते. याखेरीज एक नियंत्रक रेघ उमटावीच लागते. ती न उमटल्यास पट्टी निकामी समजून निकाल टाकून द्यावा. घरी चुका होतात त्या रसायनशास्त्राच्या नव्हेत, हाताच्या. टोचणी वरवर लागते, थेंब अपुरा पडतो, आणि ठरलेल्या वेळेनंतर उमटलेली फिकट रेघ खरी मानली जाते.

रक्तातील साक्ष वाचण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. १९५२ साली पुण्यास विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील स्मिथबर्न, कर व गटणे यांनी भारतातील रहिवाशांच्या रक्तरसाचा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात झिका विषाणूस निष्प्रभ करणारी प्रतिपिंडेही काही जणांत आढळली. परंतु जवळच्या नात्यातील दुसऱ्या विषाणूमुळेही तशी प्रतिपिंडे उत्पन्न होऊ शकतात, ही अडचण तेव्हापासूनच या साक्षीच्या पाठीशी लागलेली आहे. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व माणसे तापाने आजारी पडली, तेव्हा त्या तापाचा नवा विषाणू याच केंद्राने शोधून काढला. आता राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने मे २०२० मध्ये 'कोविड कवच' ही प्रतिपिंड-चाचणी सिद्ध केली. ती मात्र घरी करण्याजोगी नव्हे, प्रयोगशाळेत करावयाची. त्याच्या आधी, एप्रिल २०२० मध्ये, परदेशातून आणविलेल्या शीघ्र पट्ट्यांच्या निकालांत इतकी तफावत पडली की त्यांचा वापर थांबवावा लागला होता.

चाचणी चांगली असली म्हणजे निकाल खरा, असे आपण सहज समजतो. ते तसे नाही, आणि थोडा हिशेब केल्यास कारण ध्यानात येईल. एक चाचणी १०० प्रतिपिंडधारकांपैकी ९२ जणांना ओळखते आणि प्रतिपिंडे नसलेल्या १०० पैकी ९८ जणांना 'नाही' म्हणते, असे धरू. मे-जून २०२० च्या पहिल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमधील संसर्गाचे प्रमाण ०.७३ टक्के निघाले, म्हणजे १०,००० मध्ये ७३. त्यांपैकी ६७ जणांची रेघ उमटेल. पण उरलेल्या ९,९२७ जणांपैकी दोन टक्के, म्हणजे सुमारे १९९ जणांची रेघही चुकून उमटेल! रेघ दिसलेल्या चौघांपैकी तिघांना प्रत्यक्षात काहीच झालेले नसेल. म्हणूनच त्या पाहणीत होकारार्थी नमुने दुसऱ्या चाचणीने पुन्हा पडताळले गेले.

सप्टेंबर २०२० मध्ये कर्नाटकाच्या सर्व जिल्ह्यांत पाहणी झाली. तीत सुमारे १६ टक्के लोकांत आयजीजी वर्गाची प्रतिपिंडे आढळली. याच प्रमाणाने हिशेब केला तर खऱ्या रेघा १,४७२ आणि खोट्या १६८. दहांपैकी नऊ रेघा खऱ्या. पट्टी तीच, थेंब तोच. बदलला तो भोवतालचा गाव. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या राष्ट्रीय पाहणीत प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेले, तेव्हा चूक दुसऱ्या बाजूस सरकली : रेघ जवळजवळ नेहमीच खरी, पण रेघ न उमटलेल्या सातांपैकी एकाच्या रक्तात प्रतिपिंडे असूनही ती निसटलेली.

घरगुती पट्ट्यांचा सर्वांत मोठा उपयोग इंग्लंडात झाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने जून-जुलै २०२० मध्ये सुमारे एक लाख प्रौढांकडून घरोघरी अशी चाचणी करविली आणि पट्टीच्या ठाऊक असलेल्या चुका वजा घालून सुमारे ६ टक्के हे प्रमाण काढले. चुकांची ही वजाबाकी लाखाच्या समूहात करता येते. एकट्या माणसाच्या बाबतीत ती करता येत नाही.

आता आपल्या मुलाकडे वळू. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची रेघ उमटली असती, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'बहुतकरून होय' असे देता आले असते. कारण त्याची चव गेली होती, हीही साक्षच आहे आणि ती पट्टीच्या साक्षीत मिळवावयाची असते. रेघ उमटली नसती, तर मात्र 'नव्हताच' असे म्हणता आले नसते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणतीही रेघ देत नाही. प्रतिपिंडे आहेत म्हणजे पुन्हा संसर्ग होणार नाही, असे नव्हे. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमिक्रॉनने प्रतिपिंडे असलेल्या असंख्य लोकांना गाठले. आईजवळ बसावयाचे तर तोंडावर मुखपट्टी व खिडकी उघडी, हेच त्या वर्षीचे बरोबर उत्तर होते.

१६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाल्यावर गुंतागुंत आणखी वाढली. कोविशील्ड लस विषाणूच्या केवळ काटेरी प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण निष्क्रिय विषाणू असल्याने ती त्याच्या अंतर्भागातील प्रथिनाविरुद्धही करते. त्यामुळे रेघ लशीची की रोगाची, हे ठरविण्यापूर्वी पट्टीवर कोणते प्रतिजन आहे आणि माणसाने कोणती लस घेतली, या दोन्ही गोष्टी विचाराव्या लागतात. १९ मे २०२१ रोजी भारतात घरगुती वापरासाठी पुरस्कारिलेली पहिली चाचणी, पुण्याच्या मायलॅबची, रक्ताची नव्हतीच. ती नाकातील स्रावात विषाणूचे प्रतिजन शोधते. आज ताप असलेल्या माणसाने हीच जातीची चाचणी करावयाची असते.