सर ओरडले की पोरगी कणखर होते का?

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची आहे, धावण्याच्या सरावाला जाते. गेल्या स्पर्धेत ती शेवटून दुसरी आली, तेव्हा सर सगळ्यांसमोर तिला खूप बोलले. दोन दिवस ती गप्प होती. 'कडक वागल्याशिवाय पोरी घडत नाहीत,' असं सर म्हणतात. हे खरं आहे का?
– एक आई, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : ताई, सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. शिस्त लागतेच. तुमच्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरचं उदाहरण घ्या. तिचे प्रशिक्षक बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह कडक शिस्तीसाठी ओळखले जात. मॅरेथॉन गाजवणारी ललिता 2014 मध्ये 3000 मीटर स्टीपलचेसकडं वळली आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत धावली. ट्रॅकवरच्या शर्यतीत पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी एक भारतीय महिला तिथवर पोहोचली होती.

पण शिस्त वेगळी आणि चारचौघांत पाणउतारा वेगळा. ठरलेली फेरी पूर्ण करायला लावणं ही शिस्त झाली. हरलेल्या मुलीला सगळ्यांसमोर बोलल्यानं ती फक्त हरायला घाबरू लागते, आणि घाबरलेली मुलगी दुखणं लपवते.

मूळचे भारतीय, पुढं कॅनडात प्राध्यापक झालेले पी. चेल्लादुराई यांनी 1980 मध्ये एस. डी. सालेह यांच्यासोबत प्रशिक्षकाचं वागणं मोजण्याची एक पट्टी तयार केली. तिच्यात पाच गोष्टी येतात : नीट शिकवणं, खेळाडूला निर्णयात सामील करून घेणं, हुकूम चालवणं, आपुलकीचा आधार देणं आणि चांगल्या कामगिरीची दाद देणं. हुकूम यांतला फक्त एक. यांतलं काय, कधी आणि किती, हे समोरच्या खेळाडूवर आणि त्या वेळच्या गरजेवर ठरतं. 2012 मध्ये डेव्हिड फ्लेचर आणि मुस्तफा सरकार या संशोधकांनी 12 ऑलिंपिक विजेत्यांशी बोलून अभ्यास केला. पडून पुन्हा उभं राहण्यामागं आपल्या पाठीशी कुणीतरी आहे हा विश्वासही असतो, असं त्यातून दिसलं.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते सांगलीच्या क्रिकेटपटू स्मृती मानधनाकडं पाहून कळेल. 2025 च्या विश्वचषकात भारत ओळीनं तीन सामने हरला. 19 ऑक्टोबरला इंग्लंडविरुद्ध स्मृती 88 धावांवर बाद झाली, हातातला सामना 4 धावांनी गेला, आणि घसरण माझ्यापासून सुरू झाली, असं ती स्वतःच म्हणाली. त्या हारीनंतर प्रशिक्षक अमोल मुझुमदार संघाला कडक बोलले. पण सर मनापासून बोलतात हे मुलींना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते योग्य अर्थानं घेतलं, असं कर्णधार हरमनप्रीत कौरनं नंतर सांगितलं. चारच दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध स्मृतीनं 109 धावा केल्या. 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत भारत जगज्जेता झाला.

तो कडक शब्द मुलींना लागला, पण टोचला नाही. कारण त्याच्या मागं दोन वर्षांचा सहवास होता, आणि तो ड्रेसिंग रूमच्या चार भिंतींत, सगळ्या संघाला उद्देशून बोलला गेला होता. आधी विश्वास कमवावा लागतो, मगच रागवायचा हक्क मिळतो.

आता तुमच्या मुलीचं. तिला तीन गोष्टी विचारा. सर बोलले ते धावण्यातल्या चुकीबद्दल, की तिच्या वजनाबद्दल, रंगरूपाबद्दल? पाळीच्या दिवसांत त्रास झाला किंवा पाय दुखला, तर ती सरांना बिनधास्त सांगू शकते का? पुढं काय सुधारायचं, हे सरांनी तिला समजावलं का? उत्तरं समाधानकारक असतील, तर सरांना एकट्यानं भेटा आणि एवढंच म्हणा, 'सर, चूक जरूर दाखवा, पण तिला बाजूला घेऊन.' मुलीच्या भल्याचा विचार करणारे सर हे ऐकतील. वजनावरून, शरीरावरून टोमणे असतील किंवा हात उगारला जात असेल, तर मैदान बदला. नको तिथं हात लागत असेल, तर मुलांसाठीच्या 1098 या मदत क्रमांकावर लगेच फोन करा.

एक पथ्य घरीही पाळा. मुलगी हरून आली की आधी जेवू घाला, निकाल नंतर विचारा. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती फक्त 17 वर्षांची होती. तिला प्रवीण सावंत सरांसारखे गुरू लाभले, तसंच तिच्या सरावासाठी गाव सोडून साताऱ्यात राहायला येणारं घरही लाभलं.

पुढच्या वेळी शेवटून दुसरी येऊनही तुमची लेक दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःहून बूट घालून निघाली, तर समजा, ती घडते आहे.