डांबरांतील इलेक्ट्रॉन

न्हावा शेवा येथें १९८९ सालीं मोठें बंदर सुरू झालें. परंतु लाकडी होडीच्या बुडाला डांबर चोपडण्याची चाल या किनाऱ्यावर त्याहून पुष्कळ जुनी आहे. डांबर काळें कां, आणि तें हाताळतांना जपावें कां, या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकच आहे. तें आपण पाहूं.

दगडी कोळसा हवेवाचून तापविला असतां जें डांबर निघतें, तें अनेक कार्बनी रेणूंचें मिश्रण होय. कार्बनच्या अणूपाशीं बंध जोडण्यास चार इलेक्ट्रॉन असतात. या रेणूंत सहा सहा अणूंचीं कडीं एकमेकांस चिकटलेलीं असतात. प्रत्येक अणूचे तीन इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशीं पक्के बांधले जातात. चौथा मात्र गांवच्या गायरानाप्रमाणें साऱ्या रेणूचा सामाईक होतो.

एका रांगेंत कडीं जितकीं अधिक, तितकें हें गायरान विस्तीर्ण, आणि इलेक्ट्रॉनास वरच्या पायरीवर चढविण्यास लागणारी ऊर्जा तितकी कमी. कपाटांतील डांबरगोळींत दोन कड्यांचें नॅफ्थलीन असतें. तें केवळ अदृश्य अतिनील किरण शोषितें, म्हणून पांढरें दिसतें. तीन कड्यांचें अँथ्रासीनहि रंगहीनच. चार कड्यांचें टेट्रासीन मात्र नारिंगी, आणि पांच कड्यांचें पेंटासीन गडद निळें! डांबरांत असे लहानमोठे असंख्य रेणु एकवटल्यामुळें सर्वच रंगांचा प्रकाश गिळला जातो, व तें काळें दिसतें.

हेच सैल इलेक्ट्रॉन घातकहि ठरतात. धुराडीं झाडणाऱ्यांस होणारा कर्करोग काजळीमुळें होतो, असें लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालीं दाखविलें. पुढें १९३३ सालीं डांबरांतून पांच कड्यांचें बेंझोपायरीन वेगळें काढण्यांत आलें, आणि तें कर्करोगकारक ठरलें. तें बाहेर घालविण्यासाठीं शरीर, जेथें इलेक्ट्रॉन दाटलेले असतात, अशा बंधांवर ऑक्सिजन जोडतें. परंतु त्यांतून निपजणारें एक द्रव्य पेशींतील डीएनएला चिकटून बसतें. औषध करावें आणि विष व्हावें, तसें हें होतें.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच, कीं वडिलांबरोबर होडीला डांबर लावावयास बसाल, तेव्हां हातमोजे घाला, त्याचा धूर टाळा, आणि जेवणापूर्वीं हात साबणानें स्वच्छ धुवा. त्यांनाहि तसें करावयास सांगा. शिकलेली विद्या घरीं उपयोगीं पडली, तरच ती खरी विद्या.