तारीख नसलेलं काम

बाय, तू पाठवलेला निरोप वाचला. सत्तरीच्या पुढच्यांचं सरकारी आरोग्य कार्ड, शेवटची तारीख जवळ आलीय, लगेच या लिंकवर माहिती भरा, असा तो निरोप. ती लिंक उघडू नकोस, आणि वाडीच्या ग्रुपवर पुढेही ढकलू नकोस. आयुष्मान वय वंदना कार्डाला शेवटची तारीखच नाही. नोंदणी बारा महिने चालू असते. कार्ड निघालं की त्याच दिवसापासून ते लागू होतं, आणि बीपी, मधुमेह आधीपासून असला तरी त्यासाठी वर्ष-दोन वर्षं थांबावं लागत नाही. तारखेचा धाक दाखवून जो लिंक पाठवतो, त्याला बहुतेक वेळा म्हाताऱ्या माणसाचा आधार नंबर आणि ओटीपी हवा असतो.

हे ऐकून तू सुटकेचा श्वास टाकशील, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. तारीख लावलेलं काम आपल्याकडे होतंच होतं. आंबा-काजूच्या विम्याची मुदत आली की आपलं सगळं मिरजोळे गाव सातबारा घेऊन पळतं. ज्या कामाला तारीख नाही ते मात्र शिमग्यावरून गणपतीवर आणि गणपतीवरून दिवाळीवर जातं. मग एका रात्री सासऱ्यांच्या छातीत कळ येते, रिक्षा सिव्हिलच्या दारात उभी राहते, आणि कार्ड काढलंय का हा प्रश्न तिथे पहिल्यांदा कानावर पडतो. त्या रात्री तिथे उभी असणार आहेस तू. नवरा कामावर, दीर मुंबईत, कागदांची पिशवी सुनेच्या हातात. म्हणून हे सगळं मी तुला सांगतेय, घरातल्या पुरुषांना नाही.

हे कार्ड आहे काय ते आधी समजून घे. 11 सप्टेंबर 2024ला केंद्राच्या मंत्रिमंडळाने याला मंजुरी दिली. त्या दिवशी आपल्याकडे गौरीपूजन होतं, बातम्या बघायला कुणाला फुरसत नव्हती. पुढे 29 ऑक्टोबरला, धनत्रयोदशीला, योजना सुरू झाली. आयुष्मान भारत 2018पासून होती, पण ती ठरावीक गरीब कुटुंबांसाठी. नव्या निर्णयाने वयाची सत्तर वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकाला ती खुली झाली. उत्पन्न किती, घर कौलारू की स्लॅबचं, रेशनकार्ड केशरी की पांढरं, काही विचारत नाहीत. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात, सरकारी असो की खाजगी. सासू-सासरे दोघेही सत्तरीच्या पुढे असतील तर हे पाच लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नव्हेत, हे लक्षात ठेव. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर सत्तरीच्या पुढच्यांना वेगळे पाच लाख मिळतात, त्यात घरातल्या तरुणांचा वाटा नसतो.

कार्डासाठी लागतं फक्त आधार. अडचण सुरू होते ती इथेच.

आपल्या आयांच्या पिढीतल्या किती जणींची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली होती? शाळेचं तोंड पाहिलं नाही म्हणून दाखला नाही, बाळंतपण घरातच झालं म्हणून नोंद नाही. आधारचा कॅम्प लागला तेव्हा अंदाजाने साल घातलं आणि पुढे एक जानेवारी चिकटवलं. आता खरी पंचाहत्तरीची बाई आधारवर अडुसष्टची आहे. योजना वय मोजते ते आधारवरून, केसांच्या रंगावरून नाही. तेव्हा आजच संध्याकाळी घरातली आधार कार्डं काढ आणि जन्मतारखा वाच. त्याबरोबर नावही वाच. कुठे माहेरचं, कुठे सासरचं, कुठे नवऱ्याच्या नावातली एक वेलांटी चुकलेली. दुरुस्ती लागणार असेल तर ती घरात सगळे धडधाकट असताना करून घ्यायची. आणि जन्मतारखेची दुरुस्ती एरवी एकदाच करता येते, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून खोटानाटा दाखला जोडून ती एकमेव संधी घालवू नको. खरा पुरावा हाती नसेल तर आधारवरची सत्तरी येईपर्यंत वाट बघावी हेच बरं.

वाट बघायची म्हणजे उघड्यावर राहायचं असं मात्र नाही. आपल्या राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. 2012मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती सुरू झाली, तीच ही. जुलै 2024पासून तिचं छत्र राज्यातल्या सगळ्या कुटुंबांवर आलं, तेही पाच लाखांपर्यंत, रेशनकार्डाचा रंग न बघता. म्हणजे अडुसष्टच्या सासूबाईंनाही आज दार बंद नाही. तिथे रेशनकार्ड लागतं, आणि त्यावर त्यांचं नाव असायला लागतं. कितीतरी घरांत मुलगा वेगळा झाला, नवीन रेशनकार्ड निघालं, आणि म्हातारीचं नाव ना या कार्डावर ना त्या कार्डावर असं झालेलं आहे. ते तपास. हे नाव चढवायला तहसीलमध्ये जावं लागतं आणि वेळ जातो, म्हणून सगळ्यात आधी तेच हाती घे.

आता बोटांचं. आयुष्यभर काजू फोडलेल्या, चिरे वाहिलेल्या, मासळी साफ केलेल्या हातांवर रेषा राहतात का गो? यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र ओळखच देत नाही, आणि म्हातारी गुन्हा केल्यासारखी तोंड पाडून बसते. त्यांना तसं बसू देऊ नको. आयुष्मान अ‍ॅपमध्ये अंगठ्याशिवाय ओटीपीनेही ओळख पटवता येते, चेहरा दाखवूनही पटवता येते. सेवा केंद्रातल्या मुलाने 'अंगठा उठत नाही, परत आणा' म्हटलं तर शांतपणे सांग की चेहऱ्याने करून बघ. उजेडात बसवायचं, चष्मा काढायचा, पापण्या मिटून उघडायला सांगायचं.

ओटीपीची कथा आपल्या कोकणाची खास. आधारला नंबर जोडलाय तो भांडुपच्या नाहीतर विरारच्या मुलाचा, कारण त्या वेळी घरात फोन त्याच्याकडेच होता. तो कंपनीत असताना ओटीपी येतो, तो बघतो जेवणाच्या सुट्टीत, तोवर त्याची वेळ संपलेली. मी तर म्हणते, चाकरमानी गणपतीला येतात ते दिवस यासाठी राखून ठेव. आरती झाली, प्रसाद वाटून झाला की दुपारी पडवीत बसून घरातल्या आणि शेजारच्या सगळ्या म्हाताऱ्यांची कार्डं मोबाइलवर निघू शकतात. नोंदणीला सरकारची फी नाही. अ‍ॅप जमत नसेल तर आशाताईला विचार, नाहीतर सेवा केंद्र गाठ. जमलं तर आधारला जोडलेला नंबरही या निमित्ताने घरातल्या फोनचा करून टाक.

सगळ्यात अवघड भाग यंत्राचा नाहीच, माणसाचा आहे. तुझे सासरे म्हणतील, मला काय धाड भरलीय, कार्ड कशाला? कार्ड काढलं म्हणजे आजार ओढवून घेतला, असंच कित्येकांना मनापासून वाटतं. आणि त्याहून खोल एक गोष्ट असते: फुकटचं नको. ज्या माणसाने जन्मभर कुणाचे चार आणे ठेवले नाहीत, त्याला सरकारी कार्ड म्हणजे हात पसरणं वाटतं. त्याच्याशी वाद घालू नको, आणि पाठीमागे परस्पर कार्ड काढूनही आणू नको. शेजारी बस आणि सांग, की हे पैसे करातून येतात, साठ टक्के केंद्राचे आणि चाळीस टक्के राज्याचे. तुम्ही काडेपेटी घेतलीत तेव्हाही कर भरलात, एसटीचं तिकीट काढलंत तेव्हाही भरलात. हे तुमचंच आहे. मला वाटतं हे जितकं खरं आहे तितकं आपण त्यांना कधी सांगतच नाही. नाहीतर काय होतं ते तुला माहीत आहे. अँजिओप्लास्टी म्हटलं की आधी आईच्या पाटल्या निघतात, मग कलमांची बाग गहाण पडते, आणि म्हातारा माणूस बरा होऊन घरी आला तरी आपल्यापायी घर बुडालं म्हणून आतून झुरतो.

घरात कुणी फौजेतून निवृत्त असेल तर घाई करू नको. माजी सैनिकांची ईसीएचएस, केंद्राच्या निवृत्तांची सीजीएचएस, निमलष्करी दलांची आयुष्मान सीएपीएफ, यांतलं काही असेल तर तेच ठेवायचं की वय वंदना घ्यायचं यातलं एक निवडावं लागतं, आणि ती निवड एकदाच करायची असते. ईसीएचएसमध्ये रोजची औषधं आणि बाह्यरुग्ण तपासणीही मिळते, वय वंदनामध्ये ती नाही. ज्यांना रोज मूठभर गोळ्या लागतात त्यांनी जुनं सोडण्याआधी पुन्हा पुन्हा विचार करावा. खाजगी विमा किंवा कामगारांचं ईएसआयसी असेल तर मात्र दोन्ही ठेवता येतात.

खाजगी विम्याला खरी तारीख असते, आणि ती चुकली तर नुकसान होतं. वार्षिक हप्ता चुकला तर तीस दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात भरला तर पॉलिसीचं सातत्य टिकतं, पण मधल्या दिवसांत दवाखाना लागला तर दावा सहसा मिळत नाही. पॉलिसी तुटली तर नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी पुन्हा थांबायचं, जास्तीत जास्त तीन वर्षं. एप्रिल 2024पर्यंत ही मर्यादा चार वर्षांची होती. पूर्वी पासष्टीनंतर कंपन्या नवीन विमा बहुधा देत नसत, ती वयाची अटही तेव्हाच गेली. त्यामुळे वय वंदना मिळालं म्हणून तुझ्या भावाने आईची जुनी पॉलिसी सोडून द्यायचं काढलं, तर त्याला थांबव. एकदा सोडलेली पॉलिसी पंचाहत्तरीत परत तशीच मिळत नाही.

आपल्या ओळखीतल्या न्यू जर्सीच्या मुली तारखा मोजत असतात त्या उगीच नाही. अमेरिकेत पासष्टीला मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, त्याची नोंदणी सात महिन्यांत करायची: वाढदिवसाचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. नोकरीचा विमा नसताना ते महिने चुकवले तर डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा हप्ता दर पूर्ण वर्षाच्या उशिराला दहा टक्के वाढतो, आणि तो दंड सहसा जन्मभर भरावा लागतो. शिवाय पुढची नोंदणी जानेवारी ते मार्चमध्येच. इथून ग्रीन कार्डावर गेलेल्या आईवडिलांना तर पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय ते विकतही घेता येत नाही. तिथे माणूस स्वतः हप्ता भरतो, म्हणून निरोगी असतानाच आत या, आजारी पडल्यावर येऊ नका, अशी ती व्यवस्था आहे. आपल्याकडे हप्ता सरकार भरतं, म्हणून दंडही नाही आणि मुदतही नाही. त्यांच्यासारखी टोचणी आपल्याला कुणी लावत नाही, ती आपणच लावून घ्यायची. सासूबाईंच्या आधारवरच्या सत्तराव्या वाढदिवसाचा दिवस कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेव.

कार्ड हातात आल्यावरचं थोडं. सर्दी-तापाचं बिल, बाहेरून आणायची रोजची औषधं यात बसत नाहीत. दाखल होऊन घ्यायचे उपचार बसतात. दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा औषधांचा व तपासण्यांचा खर्चही त्यात धरलेला आहे, आणि तो मागायचा असतो हे लोकांना ठाऊक नसतं. प्रत्येक रुग्णालय योजनेत नसतं, आणि योजनेतल्या रुग्णालयातही प्रत्येक आजार नसतो. हृदयाला कुठे न्यायचं, डोळ्याला कुठे, डायलिसिसला कुठे, हे शांत डोक्याने 14555वर फोन करून विचारून ठेव. राज्याच्या योजनेसाठी 155388. आपल्याकडे रत्नागिरीत 2023पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी काही उपचारांना अजून कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते. कार्ड तिथेही चालतं, मुंबईत लेकाकडे राहायला गेलं तरी चालतं. रुग्णालयात शिरल्याबरोबर योजनेच्या मदतीला बसलेल्या आरोग्यमित्राचं टेबल कुठे आहे ते विचार, बिलाच्या खिडकीकडे नंतर जा. आधी पैसे भरा, मग बघू, असं कुणी म्हटलं तर का म्हणून विचार, आणि आवाज चढवायच्या आधी तिथूनच 14555 लाव.

आधार, रेशनकार्ड, वय वंदना कार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत घालून ती दाराच्या खुंटीला लाव, कपाटात नको. प्रत्येक कागदाचा फोटो तुझ्या फोनमध्ये आणि दिराच्याही.

आणि तुझ्या घरचं झालं की वरच्या आळीतल्या त्या दोघी विधवा जावांकडे जा. त्यांचं करणारं कुणी नाही, अ‍ॅप असलेला फोन नाही, आणि त्या आपण होऊन कधी मागणार नाहीत. रविवारी सकाळी जा, तेव्हा त्या घरी असतात. आधार शोधायला त्यांना थोडा वेळ दे.