उद्याचे बियाणे : अमेरिकन फुटबॉलमधील एक धडा



यंदाच्या वादविवाद स्पर्धेसाठी इयत्ता नववीच्या काही विद्यार्थ्यांनी आम्हाला एक विषय सुचविला. विषय असा की, नव्याने उभारणी करणाऱ्या फुटबॉल संघाने आपले ड्राफ्टमधील हक्क विकावेत काय? आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, आणि फुटबॉल म्हटला की पायाने खेळायचा, एवढेच आम्हाला ठाऊक. त्यामुळे हा अमेरिकेतला विषय आम्ही बाजूलाच ठेवणार होतो. परंतु मुलांनी आग्रह धरला म्हणून थोडे वाचन केले, आणि लक्षात आले की हा प्रश्न खेळाचा आहे तितकाच धीराचा आणि हिशेबाचाही आहे. जे समजले ते सोप्या शब्दांत येथे मांडत आहोत.

१. ड्राफ्ट म्हणजे काय?

अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट आकाराचा चेंडू हातात घेऊन धावतात व फेकतात. तेथील सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेचे नाव एनएफएल. तिच्यात ३२ संघ आहेत आणि तिचा अंतिम सामना ‘सुपर बोल’ या नावाने ओळखला जातो.

आपल्याकडे आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो, हे तुम्ही दूरदर्शनवर पाहिलेच असेल. एनएफएलमध्ये महाविद्यालयातून येणाऱ्या नव्या खेळाडूंसाठी लिलाव नसतो. तेथे संघ क्रमाक्रमाने एकेक खेळाडू निवडतात, आणि गतवर्षी जो संघ सर्वांत मागे राहिला त्याचा क्रमांक पहिला लागतो. सुपर बोल जिंकणारा सर्वांत शेवटी. अशा सात फेऱ्या होतात. या निवडीलाच ड्राफ्ट म्हणतात.

ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांची. श्रीमंत व नावाजलेले संघ चांगले खेळाडू आधीच घेऊन जात आणि दुबळे संघ दुबळेच राहत, म्हणून त्यांनी हा उपाय सुचविला. पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. पहिला हक्क बेल यांच्याच संघाला मिळाला व त्यांनी जे बर्वँगर या खेळाडूची निवड केली. गंमत अशी की, बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलेच नाहीत! हक्क हाती असणे म्हणजे खेळाडू हाती असणे नव्हे, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला.

हा हक्क संघ स्वतः वापरू शकतो किंवा दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात तयार खेळाडू अथवा दुसरे हक्क घेऊ शकतो. पुढच्या वर्षांचे हक्कही असे देता येतात. खरा प्रश्न येथून सुरू होतो.

२. डलासने काय केले?

१९८९ साली डलास काउबॉइज संघाची अवस्था वाईट होती. मालक नवे, प्रशिक्षक जिमी जॉन्सनही नवे. संघात मोठा खेळाडू एकच, हर्शेल वॉकर. जॉन्सन यांनी विचार केला की, संघ हरतच असेल तर हा एक खेळाडू ठेवून काय साधणार? १२ ऑक्टोबर १९८९ रोजी त्यांनी वॉकरला मिनेसोटा वायकिंग्स संघाकडे दिले. बदल्यात पाच खेळाडू आणि पुढील तीन वर्षांतील बरेच हक्क घेतले. त्यांत पहिल्या फेरीचे तीन व दुसऱ्या फेरीचे तीन होते.

त्या हंगामात डलासने १६ पैकी १५ सामने गमावले. लोक हसले. पण त्या हक्कांचा वापर करून, काही पुन्हा इतर संघांशी बदलून, जॉन्सन यांनी तरुण संघ उभा केला. एमिट स्मिथ हा खेळाडू १९९० मध्ये याच देवघेवीतून आला. चेंडू घेऊन धावण्यात एनएफएलच्या इतिहासात सर्वाधिक अंतर आज त्याच्याच नावावर आहे. डलासने जानेवारी १९९३, जानेवारी १९९४ आणि जानेवारी १९९६ असे तीन सुपर बोल जिंकले. मिनेसोटाला मात्र वॉकरच्या काळात एकदाही अंतिम सामना गाठता आला नाही.

येथे नीट लक्ष द्या. डलासने खेळाडू विकला आणि हक्क जमविले, म्हणजे आज देऊन उद्या घेतला.

३. न्यू ऑर्लिन्सचा उलटा व्यवहार

दहा वर्षांनी न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघाने याच्या अगदी उलट केले. १९९८ साली त्यांनी १६ पैकी ६ सामने जिंकले होते. प्रशिक्षक माइक डिट्का यांना रिकी विल्यम्स हा एकच खेळाडू हवा होता. त्यासाठी बाराव्या क्रमांकावरून पाचव्यावर यावे लागणार होते. डिट्का यांनी १९९९ च्या ड्राफ्टमधील संघाचे सर्व हक्क आणि शिवाय २००० सालचे पहिल्या व तिसऱ्या फेरीचे हक्क वॉशिंग्टनला देऊन टाकले. त्या वर्षीच्या संपूर्ण ड्राफ्टमध्ये सेंट्सना मिळालेला नवा खेळाडू एकच, विल्यम्स!

आता हिशेब करू. डलासच्या मंडळींनी १९९१ च्या सुमारास प्रत्येक क्रमांकाला गुण देणारे एक कोष्टक तयार केले होते. अदलाबदलीच्या वेळी ते अनेक वर्षे वापरले गेले. त्यातील काही आकडे असे : पहिला क्रमांक ३००० गुण, दुसरा २६००, पाचवा १७००, बारावा १२००, सोळावा १०००, बत्तिसावा ५९०.

पाचवा आणि बारावा यांतील फरक ५०० गुणांचा. एवढ्या फरकासाठी सेंट्सनी बाकी सर्व तर दिलेच, पण पुढील वर्षाचा पहिल्या फेरीचा हक्कही दिला. १९९९ च्या हंगामात ते १६ पैकी ३ सामने जिंकले, म्हणून तो हक्क दुसऱ्या क्रमांकाचा ठरला. त्याची किंमत २६०० गुण! वॉशिंग्टनने त्याच क्रमांकावर लाव्हार अ‍ॅरिंग्टन हा खेळाडू घेतला. डिट्का यांना पद सोडावे लागले. विल्यम्स वाईट खेळाडू नव्हता. पण एकट्याने संघ होत नाही.

दुबळ्या संघाने पुढील वर्षाचा हक्क विकणे विशेष धोक्याचे का, ते या उदाहरणावरून कळते. संघ दुबळा राहिला तर तोच हक्क सर्वांत मोलाचा ठरतो. म्हणजे जितके अपयश मोठे, तितका विकलेला माल महाग.

४. अभ्यासक काय म्हणतात?

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी ड्राफ्टच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. थेलर यांना पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, वरच्या क्रमांकासाठी संघ वाजवीपेक्षा फार जास्त मोजतात. दुसरी, एका जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्यानंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघेल, याची शक्यता नाणेफेकीपेक्षा किंचितच अधिक असते. टॉम ब्रेडी हे नाव तुम्ही ऐकले असेल. २००० साली तो १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याने सात सुपर बोल जिंकले. तिसरी गोष्ट अशी की, घाईत असलेले संघ यंदाच्या तिसऱ्या फेरीच्या हक्कासाठी पुढील वर्षाचा दुसऱ्या फेरीचा हक्क देतात. हे कर्ज आहे आणि त्याचे व्याज वर्षाला शंभर टक्क्यांहून अधिक पडते. असे व्याज घेणाऱ्या सावकाराच्या दारात आपले आजोबा उभे राहिले नसते!

५. मग हक्क कधीच विकू नयेत काय?

असे मात्र नाही. २०२१ साली डेट्रॉइट लायन्सनी आपला क्वार्टरबॅक, म्हणजे डावाची सूत्रे हलविणारा मुख्य खेळाडू, मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सना दिला. रॅम्सनी त्याच्या बदल्यात आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, २०२२ व २०२३ चे पहिल्या फेरीचे हक्क आणि २०२१ चा तिसऱ्या फेरीचा हक्क दिला.

रॅम्स चुकले काय? नाही. त्यांचा संघ तयार होता, एकच जागा कमी पडत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी सुपर बोल जिंकला. डेट्रॉइट चुकले काय? तेही नाही. २०२१ च्या हंगामात त्यांनी १७ पैकी केवळ ३ सामने जिंकले, पण मिळालेल्या हक्कांतून त्यांनी तरुण खेळाडू घेतले. २०२३ च्या हंगामात ते ३० वर्षांनी आपल्या गटात पहिले आले. जानेवारी २०२४ मध्ये बाद फेरीत त्यांनी पराभव केला तो स्टॅफर्डच्याच रॅम्सचा, एका गुणाने, आणि डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक होता तोच बदल्यात आलेला गॉफ!

एकच व्यवहार दोघांनाही योग्य ठरला, कारण दोघे वेगवेगळ्या ठिकाणी उभे होते. ज्याच्या घराच्या भिंती उभ्या आहेत त्याने दाराला चांगली कडी आणावी. ज्याचा पायाच खणायचा आहे त्याने कडी घेऊन काय करावे?

वरचा क्रमांक देऊन अधिक हक्क घेणे हाही उभारणीचा मार्ग आहे. २०२३ साली शिकागो बेअर्सनी पहिला क्रमांक कॅरोलिना पँथर्सना दिला आणि एक तयार खेळाडू, त्या वर्षाचे दोन हक्क, २०२४ चा पहिल्या फेरीचा व २०२५ चा दुसऱ्या फेरीचा हक्क घेतला. कॅरोलिनाने २०२३ मध्ये १७ पैकी २ सामने जिंकले. त्यामुळे शिकागोला मिळालेला २०२४ चा हक्क पुन्हा पहिल्याच क्रमांकाचा निघाला.

६. केवळ हक्क जमवून भागत नाही

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रॅम्स संघ सेंट लुईस शहरात असताना २०१२ साली त्याने दुसरा क्रमांक वॉशिंग्टनला देऊन पहिल्या फेरीचे तीन व दुसऱ्या फेरीचा एक हक्क मिळविला. वॉशिंग्टनने त्यातून रॉबर्ट ग्रिफिन हा क्वार्टरबॅक घेतला. पहिल्याच वर्षी ग्रिफिन चमकला, पण जानेवारी २०१३ मध्ये त्याचा गुडघा जायबंदी झाला आणि तो खेळ पुन्हा दिसला नाही. वॉशिंग्टनचे नुकसान झाले, हे खरे. पण रॅम्सचे तरी काय भले झाले? एवढे हक्क मिळूनही २०१२ ते २०१६ या पाच हंगामांत एकदाही त्यांचे विजय पराजयांपेक्षा अधिक झाले नाहीत. बियाणे कोठीत भरपूर असले तरी पेरणारा हात जाणता हवा आणि राखण करणारा हवा.

७. आमचे मत

उभारणी करणाऱ्या संघाने पुढील वर्षांचे हक्क विकून आजची टाळी घेऊ नये. तयार खेळाडू किंवा वरचा क्रमांक देऊन अधिक हक्क मिळत असतील तर जरूर घ्यावेत, पण त्यांतून आलेल्या मुलांना घडविण्याची तयारी आधी करावी. आणि संघ खरोखर तयार झाला, एखादीच जागा उरली, की मग हात आखडू नये. माळव्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. वर्ष कितीही कठीण जावो, पेरणीचे बियाणे तो दळायला पाठवीत नाही.

हे लिहिताना आम्हाला आमचीच एक चूक आठवली. अनेक वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका शाळेत होतो. दहावीचा निकाल खाली आला होता आणि सर्वत्र टीका होत होती. तेव्हा दुसरी-तिसरीच्या दोन उत्तम शिक्षिका आम्ही नववी-दहावीकडे वळविल्या. त्या वर्षी निकाल वाढला, हार-तुरे झाले. चार-पाच वर्षांनी तीच तिसरीची मुले वरच्या वर्गात आली, तेव्हा अनेकांना जोडाक्षरे नीट लिहिता येत नव्हती. तो निकाल आम्ही त्या लहान मुलांकडून उसना घेतला होता, हे तेव्हा कळले.

आपल्या शाळेतही यंदा खालच्या वर्गांचे शिक्षक वर आणावेत, अशी सूचना काही पालकांकडून आली आहे. त्यांची काळजी आम्हाला समजते. दहावीतल्या मुलाचे वर्ष एकदाच येते, हेही खरे. त्यांच्यासाठी सकाळच्या जादा तासिका आम्ही स्वतः घेऊ. पण पहिली ते तिसरीच्या शिक्षिका जागच्या हलवू नयेत, अशी विश्वस्तांना आमची नम्र विनंती आहे. नव्या मुलांची संख्या घटत असलेल्या आपल्यासारख्या शाळेत पहिलीचा वर्ग हाच आपला पहिल्या फेरीचा हक्क आहे.

स्वाध्याय

१. वर दिलेल्या गुणांनुसार पहिल्या क्रमांकाच्या बदल्यात सोळाव्या क्रमांकाचे किती हक्क मागावेत?
२. पहिला क्रमांक देऊन सोळावा व बत्तिसावा घेतल्यास किती गुणांचे नुकसान होते?
३. दुबळ्या संघाचा पुढील वर्षाचा हक्क अधिक मोलाचा का ठरतो? न्यू ऑर्लिन्स व कॅरोलिना यांच्या आधारे पाच ओळींत लिहा.
४. ‘रॅम्सनी २०२१ साली योग्य केले’ या मताच्या विरुद्ध बाजूने दोन मिनिटे बोला.

(उत्तरे : १. तीन. २. १४१० गुण. तिसऱ्या व चौथ्या प्रश्नांची उत्तरे वादविवाद स्पर्धेच्या दिवशी आम्ही तुमच्याकडूनच ऐकू.)